एकटीने विमानप्रवास: सुरक्षा तपासणीत काय होते, आणि काय होता कामा नये

भारतातल्या विमानतळांवर सुरक्षा तपासणीच्या रांगेतून पुढे जाणाऱ्या प्रत्येक स्त्रीची अंगझडती होते. धातुशोधक चौकटीतून जाताना आवाज झाला असो वा नसो, पलीकडे पडद्याआड महिला जवान हातातले यंत्र अंगावरून फिरवतेच. युरोप-अमेरिकेत बहुतेक ठिकाणी यंत्राने काही दाखवले तरच प्रवाशाला हात लावला जातो. आपल्याकडे मात्र ही सरसकट पद्धत आहे आणि ती पुरुषांनाही तितकीच लागू आहे. पहिल्यांदाच एकटीने निघालेल्या स्त्रीला हे आधी कोणी सांगितलेले नसते, आणि मग ‘मलाच का बाजूला घेतले?’ या विचाराने ती उगाच धास्तावते.

सोबत कोणी असले की ही तपासणी किरकोळ बाब ठरते. एकाने सामानावर नजर ठेवावी, दुसऱ्याने पुढे जावे, एखादी सूचना कळली नाही तर एकमेकांना विचारावे. एकटीच्या वाट्याला यातले काहीच नसते. लेकीच्या बाळंतपणासाठी मुंबईहून अमेरिकेला निघालेली साठीची आई, नागपूरहून मुलाखतीसाठी दिल्लीला जाणारी मुलगी आणि आखातात नोकरी करणारी परिचारिका या तिघींचे प्रवास निरनिराळे आहेत, पण तपासणीच्या त्या थोड्या मिनिटांत तिघींना एकच जाण उपयोगी पडते. समोरची व्यक्ती जे सांगते आहे तो नियम आहे की तिची सवय, हे ओळखता आले पाहिजे. नियम असेल तर तो मुकाट्याने पाळावा, कारण त्यामागे बहुधा ठोस कारण असते आणि तपासणीला नकार दिला तर विमानात बसता येत नाही. नुसती सवय किंवा घाई असेल, तर मात्र शांतपणे हरकत घेता येते, आणि ती घ्यावी.

नियम कोण करते आणि राबवते कोण, हे आधी थोडक्यात पाहू. १९७६ च्या सप्टेंबरात इंडियन एअरलाइन्सच्या एका विमानाचे अपहरण झाले. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरोची सुरुवात झाली; १९८५ मध्ये ‘कनिष्क’ विमान बॉम्बस्फोटाने समुद्रात कोसळल्यावर, १९८७ मध्ये या ब्यूरोला स्वतंत्र खात्याचा दर्जा मिळाला. नियम हा ब्यूरो ठरवतो. बहुतेक मोठ्या विमानतळांवर प्रत्यक्ष झडती घेते ते केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले सीआयएसएफ. १९९९ च्या डिसेंबरातील कंदाहार अपहरणानंतर, २००० च्या फेब्रुवारीत जयपूरपासून या दलाने विमानतळांची सुरक्षा हाती घ्यायला सुरुवात केली. यंत्रे, ट्रे, रांगांची आखणी आणि पडद्याचे कक्ष ही विमानतळ चालवणाऱ्यांची जबाबदारी आहे, तर तिकीट आणि सामानाचे वजन हा विमान कंपनीचा विषय. तक्रार करण्याची वेळ आली की ही वाटणी फार कामी येते.

आता सामानाकडे वळू. केबिनमध्ये एकच बॅग नेता येते, परंतु स्त्रियांची पर्स त्याखेरीज चालते. ही सवलत ब्यूरोच्या नियमातच आहे, ती कोणाची मेहेरबानी नव्हे. बॅग क्ष-किरण यंत्रातून जाते तेव्हा पडद्यावर वस्तूंचे रंग दिसतात: अन्न, कापड, कागद, प्लास्टिक यांसारख्या सेंद्रिय वस्तू नारिंगी छटेत, धातू निळ्या छटेत आणि यांच्या मधले पदार्थ हिरवट. लॅपटॉप बाहेर काढायला सांगतात, कारण त्यातले दाट भाग आपल्याखालच्या वस्तू झाकून टाकतात. नव्या सीटी यंत्रांत बॅगेचे सर्व बाजूंनी चित्र मिळते, त्यामुळे अशी यंत्रे आली आहेत तिथे लॅपटॉप आतच ठेवू देतात. डिंकाच्या लाडवांचा गच्च भरलेला डबा पडद्यावर एकसंध नारिंगी ठोकळा दिसतो. स्फोटकेही बहुतांशी सेंद्रिय असल्यामुळे त्याच छटेत दिसतात, म्हणून बॅग बाजूला काढली जाते. डबा उघडून दाखवला की प्रश्न मिटतो. लेकीसाठी प्रेमाने केलेल्या लाडवांवर कोणी संशय घेतला, असे मनाला लावून घेण्याचे कारण नाही.

नारळाचे मात्र तसे नाही. माहेराहून निघताना ओटी भरली जाते, आणि तांदूळ, खण, हळकुंड यांच्याबरोबर नारळ बॅगेत येतो. तपासनीस बॅग उघडायला लावतो, साडीच्या घडीतून तो नारळ बाहेर निघतो, आणि निरोप द्यायला आलेली माणसे तोवर केव्हाच परत गेलेली असतात. नियमानुसार नारळ केबिन सामानात चालत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात सबरीमलाला जाणाऱ्या भाविकांना इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरून नेण्याच्या पूजासाहित्याच्या गाठोड्यातला, नारळ नेता यावा म्हणून ब्यूरोने तात्पुरती सवलत दिली होती, यावरूनच एरवीची मनाई किती पक्की आहे हे लक्षात येईल. सुके खोबरे तर त्यातल्या तेलामुळे आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत मोडते, त्यामुळे ते चेक-इनच्या बॅगेतही घालू नये. ओटीतला नारळ आईच्या देव्हाऱ्यात ठेवून बाकीची ओटी बरोबर न्यावी, हे मला त्यातल्या त्यात बरे वाटते. तपासणीच्या टेबलावर तो टाकून जाताना बायकांच्या चेहऱ्यावर जी चलबिचल होते, ती तरी टळेल.

मिरचीपूड, मसाले, कात्री, सुरी ही सर्व चेक-इनच्या बॅगेत घालावीत. काडेपेटी आणि लायटर घेऊच नये. पॉवर बँक मात्र नेमकी उलट, ती हातातल्या बॅगेतच हवी, कारण लिथियमच्या बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये तो विझवता येतो, मालकक्षात येत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात द्रव पदार्थांची प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरपर्यंतचीच असावी लागते, आणि अशा सर्व बाटल्या एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावाव्या लागतात. तूप आणि लोणचेही यात द्रवासारखेच धरले जाते. २००६ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट उघडकीस आला, त्यातून हा नियम आला. तान्ह्या बाळाचे दूध, काढून ठेवलेले आईचे दूध आणि आवश्यक औषधे यांना या मर्यादेतून प्रवासापुरती सूट असते. औषधाबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी आणि या वस्तू आपण होऊन आधीच बाहेर काढून दाखवाव्यात.

एकट्या प्रवासी स्त्रिया स्वसंरक्षणासाठी पर्समध्ये जे ठेवतात, त्या मिरीच्या फवाऱ्याविषयी (पेपर स्प्रे) वेगळे सांगायला हवे. रात्री उशिरा पोहोचणाऱ्या मुलीला तो जवळ असावासा वाटणे अगदी रास्त आहे. परंतु विमानाच्या बंद हवेत तो फुटला तर सगळ्या प्रवाशांचा श्वास कोंडेल, म्हणून आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या धोकादायक वस्तूंच्या नियमांनी तो केबिनमध्ये, अंगावर आणि चेक-इनच्या सामानात, असा तिन्हीकडे वर्ज्य ठरवला आहे. तो घरी ठेवून उतरल्यावरच्या वाहनाची सोय आधी करून निघावे, हाच मार्ग उरतो.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाची आणि फारशी न बोलली जाणारी गोष्ट अशी, की तपासणीत सामान आणि माणूस दोन वेगळ्या वाटांनी जातात. बॅग पट्ट्यावरून दोन-तीन मिनिटांत पलीकडे पोहोचते. स्त्रियांची झडती फक्त स्त्रियाच घेऊ शकतात, आणि सीआयएसएफमध्ये स्त्रियांचे प्रमाण २०२४ मध्ये ७ टक्क्यांहून थोडेच अधिक होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात दलाच्या पहिल्या संपूर्ण महिला बटालियनला मंजुरी मिळाली, तिच्या कारणांत विमानतळांवरची ही गरजही होती. गर्दीच्या वेळी पुरुषांच्या तीन-चार रांगा झरझर पुढे सरकत असताना स्त्रियांसाठी एखादाच कक्ष चालू असल्याचे दृश्य त्यामुळे आजही दिसते. बाई अलीकडे रांगेत आणि तिची पर्स, फोन, पासपोर्ट पलीकडे उघड्या ट्रेमध्ये. सोबत नवरा किंवा भाऊ असेल तर तो ते उचलून घेतो. एकटीचे काय? व्यवस्थेतला हा दोष आहे आणि तो कक्ष वाढवूनच दूर होईल, असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर काही गोष्टी आपल्या हातात आहेत. ट्रे पट्ट्यावर ढकलण्याआधी महिलांच्या रांगेकडे एक नजर टाकावी, आणि ती लांब असेल तर मागच्यांना पुढे जाऊ द्यावे. पैसे, पासपोर्ट, काढलेले दागिने ट्रेमध्ये सुटे न ठेवता चेनच्या कप्प्यात घालून ती पर्स बंद करावी. बोर्डिंग पास तेवढा हातात ठेवावा, कारण कक्षात तो विचारला जातो.

धातुशोधक चौकटीत क्ष-किरण नसतात. तिच्यात सौम्य चुंबकीय क्षेत्र असते, त्यातून धातूची वस्तू गेली की त्या वस्तूत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि चौकट तो टिपते. लोखंडच लागते असे नाही. सोने, चांदी, तांबे यांनीही ती वाजते. हातातले यंत्र त्याच तत्त्वावर चालते. म्हणून गर्भवती स्त्रीने किंवा तिच्या बाळाने या दोहोंना भिण्याचे कारण नाही. हृदयात पेसमेकर असेल तर मात्र चौकटीत न रेंगाळता नेहमीच्या चालीने पुढे जावे, हातातले यंत्र छातीवर धरून ठेवू देऊ नये, आणि पेसमेकरचे कार्ड दाखवून हाताने तपासणी करण्याची विनंती करावी.

महिलांचा कक्ष म्हणजे तीन बाजूंनी आडोसा आणि दाराशी पडदा असलेली चिंचोळी जागा. आत पायाखाली एक बुटका ठोकळा असतो. त्यावर उभे राहून दोन्ही हात बाजूंना पसरायचे. जवान आधी समोरून, खांद्यापासून पावलांपर्यंत यंत्र फिरवते, मग वळायला सांगून पाठीवरून फिरवते, आणि यंत्र जिथे वाजेल तिथे चाचपून कारण शोधते. ब्लाउजचे हूक, पदराच्या पिना, जीन्सचे बटण, ब्रामधली तार यांनी ते हमखास वाजते, आणि दिवसभर हेच काम करणाऱ्या त्या स्त्रीला ते ठाऊकही असते. ‘तार आहे’ एवढे म्हटले तरी पुरते. यासाठी आतला कपडा काढावा लागत नाही. मंगळसूत्र, पाटल्या, बांगड्या उतरवायला सांगण्याचीही सहसा गरज नसते. हाताने पाहून त्यांची खात्री करता येते. डोक्यावर ओढणी किंवा हिजाब असेल तर तो चारचौघांत काढायला लावू नये, पडद्याआड महिला जवानाने पाहावे. सॅनिटरी पॅड लावले आहे म्हणून कोणालाही स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. विचारलेच तर एका वाक्यात सांगावे आणि त्यात संकोच मानू नये.

जाकीट, स्वेटर, शाल यांसारखे वरचे कपडे ट्रेमध्ये ठेवायला सांगणे हा नियम आहे. पण आत पुरेसे कपडे नसतील तर काय, हा प्रश्न २०२३ च्या जानेवारीत बंगळुरू विमानतळावर पुढे आला. शर्ट उतरवायला लावून आपल्याला नुसत्या आतल्या कपड्यावर तपासणीच्या जागी उभे केले, असे एका तरुण प्रवासी स्त्रीने जाहीरपणे लिहिले. विमानतळाने खेद व्यक्त करून प्रकरण सुरक्षा दलाकडे पाठवले. अशा वेळी ‘हा कपडा मी कक्षात, पडद्याआड काढीन’ असे ठामपणे सांगावे. वस्तू यंत्रातून जावी, एवढाच त्या नियमाचा हेतू असतो. ती कोणासमोर काढावी, हे नियम सांगत नाही.

परदेशी विमानतळांवर, आणि हळूहळू आपल्याकडेही, पूर्ण शरीराचे स्कॅनर आले आहेत. हात वर करून काचेच्या कक्षात उभे राहायचे आणि यंत्राने मिलिमीटर लांबीच्या रेडिओलहरी सोडायच्या, अशी ही पद्धत. या लहरी कपड्यांतून आरपार जातात, पण त्वचेवरून परततात. त्यांच्यात क्ष-किरणांसारखी शक्ती नसते. अमेरिकेत आधी क्ष-किरणांवर चालणारी आणि शरीराचे जवळजवळ उघडे चित्र दाखवणारी यंत्रेही होती. खासगीपणा जपणारी संगणकप्रणाली त्यांत बसवता आली नाही म्हणून २०१३ मध्ये ती काढून टाकण्यात आली. आता पडद्यावर प्रवाशाचे शरीर दिसत नाही. सर्वांसाठी एकच ठोकळेबाज बाह्याकृती असते आणि शंका आलेल्या जागी तिच्यावर चौकोन उमटतो.

साडी नेसलेल्या आईला हा चौकोन हमखास भेटतो. कमरेशी खोचलेल्या निऱ्या, नऊवारीचा काष्टा, जाड अंबाडा यांत कापडाचे किंवा केसांचे थर एकावर एक येतात, आणि यंत्राला ते अंगाला लागून असलेल्या वस्तूसारखे वाटतात. मग त्या जागी हाताने तपासणी होते. भाषा नीट कळत नसेल, शेजारी मुलगा-सून नसेल, तर परक्या देशात कमरेशी हात लागल्याबरोबर जीव घाबरा होतो. अमेरिकेच्या परिवहन सुरक्षा प्रशासनाच्या नियमांत ही झडती स्त्रीनेच घ्यायची असते. ती बंद खोलीत घ्यावी असे सांगता येते, आणि त्या वेळी आपल्या पसंतीची साक्षीदार व्यक्ती हजर ठेवता येते. एकटीकडे साक्षीदार कुठला? पण त्याच विमानाने आलेल्या एखाद्या बाईला विनंती करता येते, आणि विमान कंपनीची व्हीलचेअर सेवा घेतली असेल तर मदतनीस जवळच असतो. आईला विमानात बसवून देताना ‘प्रायव्हेट रूम, लेडी ऑफिसर’ हे चार शब्द तिला पाठ करून द्यावेत.

कृत्रिम अवयव असलेल्या स्त्रियांचा प्रश्न सुधा चंद्रन यांनी २०२१ च्या ऑक्टोबरात पुढे आणला. मुंबईच्या या नर्तिकेने आपला कृत्रिम पाय प्रत्येक वेळी काढून दाखवावा लागतो, असे चित्रफितीतून पंतप्रधानांनाच सांगितले. दुसऱ्याच दिवशी सीआयएसएफने माफी मागितली आणि असा अवयव केवळ अपवादात्मक परिस्थितीतच काढायला सांगावा हे नियमात असल्याचे मान्य केले. त्याच वर्षी डिसेंबरात, अपंगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या जिजा घोष यांच्या प्रकरणात, कृत्रिम अवयव उतरवायला लावू नयेत आणि अपंग प्रवाशाला त्याच्या संमतीवाचून उचलू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. म्हणजे सुधा चंद्रन जो छळ सोसत होत्या तो नियमाने लादलेलाच नव्हता. मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते, कारण प्रसिद्ध, बोलक्या आणि वारंवार प्रवास करणाऱ्या व्यक्तीलाही जी सवय नियम म्हणून सोसावी लागली, ती एखाद्या अनोळखी स्त्रीने किती मुकाट्याने सोसली असेल.

तपासणीची हद्द कुठे संपते, हेही ठाऊक असावे. स्त्रीची झडती स्त्रीनेच, शालीनतेची पूर्ण काळजी घेऊन घ्यावी, हे अटक झालेल्या स्त्रीच्या बाबतीतही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९ मध्ये लिहिलेले आहे. मग जिच्यावर कसलाही आरोप नाही त्या प्रवासी स्त्रीला त्याहून कमी काही मिळता कामा नये. परतीच्या प्रवासात भेटणारे सीमाशुल्क खाते हे निराळे खाते आहे. ते स्फोटके नव्हे, तर सोने आणि करचुकवेगिरी शोधते. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम १०२ प्रमाणे तिथेही स्त्रीची झडती स्त्रीशिवाय कोणी घेऊ शकत नाही, आणि झडतीपूर्वी आपल्याला राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर न्यावे, अशी मागणी करता येते. शरीरात काही लपवल्याच्या संशयावरून क्ष-किरण तपासणी करायची तर त्यासाठी दंडाधिकाऱ्याची परवानगी लागते. स्वतःहून संमती दिली तर गोष्ट वेगळी. म्हणूनच न समजता कोणत्याही कागदावर सही करू नये. २०२० च्या ऑक्टोबरात दोहाच्या विमानतळावर एक टाकून दिलेले नवजात बाळ सापडले आणि त्याची आई शोधण्यासाठी अनेक स्त्रियांना विमानांतून उतरवून त्यांची सक्तीने शारीरिक तपासणी करण्यात आली. त्यांत तेरा ऑस्ट्रेलियन स्त्रिया होत्या. कतार सरकारने नंतर माफी मागितली आणि काही स्त्रिया न्यायालयात गेल्या. त्या घटनेला सुरक्षा तपासणी म्हणताच येत नाही. आखातातून विमान बदलणाऱ्या मराठी मुली पुष्कळ आहेत, म्हणून भारतीय दूतावासाचा क्रमांक फोनमध्ये आणि कागदावरही लिहून ठेवणे शहाणपणाचे आहे.

आपल्याकडे काही गैर घडले तर तिथल्या तिथे सीआयएसएफच्या पाळीप्रमुखाला भेटायला मागावे. विमान सुटायची घाई असेल तर उतरल्यावर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर लिहावे, आणि विमानतळाच्या तक्रार कक्षालाही कळवावे. तपासणीच्या जागी फोनने चित्रीकरण करू नये; त्याला मनाई आहे आणि त्यातून आपलीच बाजू लंगडी पडते. ‘वागणूक वाईट होती’ एवढे मोघम न लिहिता तारीख, वेळ, टर्मिनल, कितवी रांग, काय काढायला सांगितले, आपण काय म्हणालो आणि उत्तर काय मिळाले, हे क्रमाने लिहावे. गणवेशावरचे नाव वाचता आले असेल तर तेही नोंदवावे. रांगेवरच्या कॅमेऱ्यांचे चित्रण अशा तक्रारीनंतर तपासले जाऊ शकते, पण ते कायम जपून ठेवले जात नाही. म्हणून प्रवास संपवून घरी पोहोचल्यावर सावकाश लिहू असे न म्हणता, तक्रार त्याच दिवशी नोंदवावी.